पाकीट कसं निवडावं: चिवडा, चटणी, आगळ विकणाऱ्या लहान उद्योगांसाठी

पाकिटाकडून तीन कामांची अपेक्षा असते. आतला माल टिकवायचा, दुकानात गिऱ्हाईकाची नजर आपल्याकडे वळवायची, आणि रिकामं झाल्यावर गटारात, शेताच्या बांधावर किंवा गाईच्या पोटात जायचं नाही. ही कामं एकमेकांच्या आड येतात. माल जास्त टिकवायला एकावर एक थर लावले की रिकामं पाकीट कुणी भंगारात घेत नाही. कागदाचं साधं पाकीट घेतलं की पावसाळ्यात चिवडा सादळतो. भरपूर छपाई केली की खर्चही वाढतो आणि पुनर्वापरही अवघड होतो.

बचत गट आणि गृहउद्योग बहुतेक वेळा पाकीट निवडतात ते दुकानात गेल्यावर, समोर जे पाउच टांगलेले असतील त्यांतून. म्हणजे दिसणं आधी ठरतं, टिकणं नशिबावर सोडलं जातं, आणि कचऱ्याचा विचार "इको-फ्रेंडली" असं छापून संपतो. माझं ठाम मत आहे की क्रम बदलायला हवा. आधी माल, मग रिकामं पाकीट, आणि त्या दोन्हींनी जी जागा उरेल तिच्यात सजावट. या लेखात पोह्यांचा चिवडा हे मुख्य उदाहरण घेतलं आहे. शेंगदाण्याची चटणी आणि कोकम आगळ जोडीला आहेत, कारण तिघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत.

माल आधी, याचं कारण सांगून पुढे जातो. २०० ग्रॅम चिवडा फेकला गेला तर त्याच्यासोबत पोहे, दाणे, तेल, गॅस आणि बायकांची मेहनत फेकली जाते. त्यापुढे पाकिटाचं ५ ग्रॅम प्लास्टिक फार लहान गोष्ट आहे. पर्यावरणाच्या नावाखाली माल खराब करणारं पाकीट घेतलं, तर पर्यावरणाचंच नुकसान जास्त होतं.

पहिली पायरी: मालाला कशाची भीती आहे ते लिहून काढा

कागदावर मालाचं नाव लिहा आणि खाली चार गोष्टी: दमट हवा, प्राणवायू, उजेड, मार. प्रत्येकीपुढे "फार", "थोडी" किंवा "नाही" असं लिहा.

चिवड्याला सगळ्यात जास्त भीती दमट हवेची. तळलेले किंवा भाजलेले पोहे अगदी कोरडे असतात, हवेतली वाफ ते भराभर ओढून घेतात. त्यानंतर नंबर प्राणवायूचा, कारण फोडणीचं तेल आणि दाणे हळूहळू खवट होतात. मार लागला तर पोह्यांचा चुरा होतो, पण तो सांभाळता येतो.

शेंगदाण्याच्या चटणीचं गणित उलटं आहे. ती सादळून फारसं बिघडत नाही, पण तेलकट असल्याने प्राणवायू आणि उजेड दोन्ही तिला खवटपणाकडे नेतात. पारदर्शक पाकिटात, दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हाच्या तिरपेला टांगलेली चटणी सगळ्यात आधी खराब होते. तिला चिवड्याचंच पाकीट वापरलं तर ते चुकतं.

आगळ आंबट आणि खारट. त्याला हवेपेक्षा झाकणाची काळजी जास्त, कारण आंबट-खारट रस धातूचं साधं झाकण गंजवतो. आतून लेप असलेलं किंवा प्लास्टिकचं झाकण लागतं. आणखी एक गोष्ट म्हणजे गरम आगळ साध्या पेट (पाण्याच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक) बाटलीत ओतलं की बाटली आकसते, वाकडी होते. गरम भरायचं असेल तर काच घ्या, किंवा गरम भरण्यासाठीच बनवलेली बाटली मागा.

दुसरी पायरी: किती दिवस टिकायला हवं ते खरं खरं ठरवा

"सहा महिने" हा आकडा सगळेच लिहितात. पण तुमचा माल गावच्या आठवडी बाजारात आणि तालुक्याच्या दहा दुकानांत जात असेल, तर तो बनवल्यापासून खाल्ला जाईपर्यंत किती दिवस जातात? बहुतेक वेळा महिना, फार तर दीड महिना. मग सहा महिन्यांची भिंत विकत घेण्याचं कारण नाही. गरजेपेक्षा जास्त टिकाऊ पाकीट म्हणजे जास्त थर, जास्त पैसे आणि जास्त कचरा.

उलट दिवाळीचा फराळ अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांना पाठवायचा ऑर्डरचा धंदा असेल, तर प्रवास, कस्टममधला थांबा आणि तिथे पुरवून पुरवून खाणं, सगळं धरावं लागेल. एकाच चिवड्याला दोन बाजारांसाठी दोन पाकिटं असायला काहीच हरकत नाही. स्थानिक विक्रीत तर गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या डब्यात वजनावर माल देणं हा पर्याय आधी तपासा. आठवड्यात संपणाऱ्या मालाला तो सगळ्यात चांगला.

तिसरी पायरी: साहित्य समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या, कारण दुकानदार जे सांगतो त्यात निम्मं विक्रीचं बोलणं असतं.

साधी पॉलिथिन पिशवी दमट हवा बऱ्यापैकी अडवते, पण प्राणवायू फारसा अडवत नाही. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बाजारातलं "पीपी", तितक्याच जाडीत वाफ आणखी चांगली अडवतं, शिवाय जास्त चकचकीत दिसतं. पेटचा पातळ थर प्राणवायू पॉलिथिनपेक्षा खूप चांगला अडवतो, पण स्वतः नीट सील होत नाही, म्हणून त्याला आतून पॉलिथिनचा थर चिकटवतात. हेच ते नेहमीचं लॅमिनेट. ॲल्युमिनियमची फॉइल जवळजवळ सगळंच अडवते, उजेडसुद्धा. मेटलाइज्ड फिल्म म्हणजे प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. फॉइलइतकी नाही, पण साध्या फिल्मपेक्षा कितीतरी पुढे.

आता कागदी पाउचबद्दल. तपकिरी क्राफ्ट कागदाचा जो पाउच "नैसर्गिक" म्हणून विकला जातो, तो जवळजवळ नेहमी कागद आणि प्लास्टिक यांचा असतो; कधी मध्ये फॉइलही असते. एक पाउच फाडून बघा. कागद फाटल्यावर आतली चकचकीत फिल्म ताणली जाते, ती दिसतेच. कागद आणि प्लास्टिक असे चिकटलेले असले की ते रद्दीत चालत नाही आणि प्लास्टिकच्या भंगारातही चालत नाही. दिसायला सगळ्यात हिरवं पाकीट वापरल्यानंतर सगळ्यात निरुपयोगी ठरतं. ज्यांनी मनापासून चांगलं करायचं म्हणून ते घेतलं, त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं.

"कंपोस्टेबल" फिल्मचंही असंच आहे. पीएलए या मक्या-उसापासून बनणाऱ्या प्लास्टिकला कुजायला साधारण ५८ अंश सेल्सियसच्या आसपासची कारखान्यातली कंपोस्ट व्यवस्था लागते. परसातल्या खड्ड्यात ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. शिवाय ते वाफ फारशी अडवत नाही, म्हणून चिवड्याला तर नकोच. असं साहित्य विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असायला हवं; ते दाखवत नसेल तर पुढे बोलू नका.

मग घ्यायचं काय? चिवड्यासाठी माझी पहिली पसंती: सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे. महिनाभरासाठी साधी पॉलिथिन किंवा पीपी पिशवी, जाडी ६० मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून जास्त दिवसांसाठी बीओपीपी (ताणून बनवलेली पीपी फिल्म) आणि सीपीपी (न ताणलेली, सील होणारी पीपी फिल्म) यांचं लॅमिनेट. दोन्ही थर पीपीच, त्यामुळे भंगारात एका जातीचा माल राहतो. बाजारात जाडी अजून "गेज"मध्ये सांगतात. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, म्हणजे ६० मायक्रॉन म्हणजे २४० गेज. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पॅकिंगची साधी एकथरी फिल्म ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, हेही लक्षात ठेवा.

चटणीला उजेडापासून वाचवायचं आहे. त्यासाठी फॉइलच लागते असं नाही. साध्या पिशवीवर समोर आणि मागे मोठं लेबल लावलं किंवा पिशव्या बंद खोक्यातून दुकानात ठेवल्या तरी बराच फरक पडतो. दीड-दोन महिन्यांच्या पुढे जायचं असेल तर पेट-पॉलिथिन लॅमिनेट घ्यावं लागेल, आणि ते घेताना त्याचा पुनर्वापर अवघड आहे हे कबूल करून घ्या.

कशातही भरा, पण फूड ग्रेडचं प्रमाणपत्र मागा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. शाईतली द्रव्यं तेलकट पदार्थात उतरतात. पिशवीच्या तोंडावर पुठ्ठ्याची पट्टी स्टेपल करायची पद्धतही सोडा. पिन मुलाच्या तोंडात जाऊ शकते, आणि पिनेच्या भोकांतून हवा आत येतेच.

चौथी पायरी: घरच्या घरी चाचणी लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण याच पायरीवर सगळ्यात जास्त पैसे वाचतात. लागतं काय: घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, खायचं मीठ, एक वाटी आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा.

वाटीत मीठ घेऊन इतकंच पाणी घाला की मीठ पूर्ण विरघळणार नाही, चिखलासारखं राहील. बंद डब्यात अशी वाटी ठेवली की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. हा मिठाचा गुणधर्म आहे आणि प्रयोगशाळेतही हीच युक्ती वापरतात.

आधी मालाची सहनशक्ती शोधा. १०० ग्रॅम ताजा चिवडा उघड्या ताटलीत डब्यात ठेवा. दर दोन-तीन तासांनी वजन करा आणि चाखा. ज्या क्षणी "आता मऊ लागतोय" असं वाटेल, तेव्हाचं वजन लिहा. समजा ते १०३ ग्रॅम झालं. म्हणजे २०० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ६ ग्रॅम पाणी शिरलं की माल गेला.

आता दोन-तीन प्रकारच्या पाकिटांत २०० ग्रॅम चिवडा भरून सील करा. प्रत्येकावर खूण करा, वजन लिहा आणि त्याच डब्यात ठेवा. दर आठवड्याला वजन घ्या. एक पाकीट आठवड्याला ०.९ ग्रॅम वाढलं आणि दुसरं ०.४ ग्रॅम, तर पहिलं साधारण साडेसहा आठवडे टिकेल आणि दुसरं पंधरा. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमचे तुम्ही काढा. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाते, विदर्भाच्या उन्हाळ्यात ती खूप खाली असते, म्हणून चाचणीत आलेल्या दिवसांच्या दोन तृतीयांशच लेबलवर लिहा.

एकाच प्रकारच्या पाकिटांतलं एखादं इतरांपेक्षा वेगाने वाढलं तर दोष बहुधा फिल्मचा नसून सीलचा असतो. ते पाण्यात बुडवून हलकं दाबा. बुडबुडे कुठून येतात ते बघा. बहुतेक वेळा तोंडाशी पोह्याचा चुरा, तिखट किंवा तेलाचा थेंब अडकलेला सापडतो. उपाय सोपा आहे: भरताना लांब नळीचं नरसाळं वापरा, म्हणजे सीलची जागा कोरडी राहते. सीलिंग मशीनची उष्णता फिल्मप्रमाणे बदलावी लागते; जास्त झाली तर सीलची कड ठिसूळ होते, कमी झाली तर बोटांनी सुटते. दर पन्नासाव्या पाकिटाला बुडवून बघायची सवय लावा.

खवटपणासाठी वेगळी चाचणी. तीन पाकिटं घ्या: एक उजेडाच्या खिडकीत, एक अंधाऱ्या कपाटात, एक फ्रीझरमध्ये. दर आठवड्याला तिन्हींचा वास कुणाला तरी डोळे मिटून घ्यायला लावा. फ्रीझरमधला ताज्यासारखाच राहतो, म्हणून तुलना होते. लेबलवर तारीख टाकण्याआधी मात्र एफएसएसएआयची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या. साहित्याच्या चाचण्यांसाठी मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, १९६६ पासून.

पाचवी पायरी: आकार आणि वजनाचा हिशोब

कोणतंही साहित्य बदलण्याआधी आकार बघा. पर्यावरणाचा आणि पैशाचा फायदा एकाच वेळी होतो तो इथेच.

१८ बाय २५ सेंटीमीटरच्या पिशवीत २०० ग्रॅम चिवडा बसतो. दोन्ही बाजू मिळून ९०० चौरस सेंटीमीटर फिल्म लागते. ६० मायक्रॉनच्या पॉलिथिनमध्ये तिचं वजन ५ ग्रॅम. तोच चिवडा २० ग्रॅमच्या दहा पुड्यांत भरला, प्रत्येकी ९ बाय १२ सेंटीमीटर, तर २,१६० चौरस सेंटीमीटर लागते, म्हणजे १२ ग्रॅम. प्लास्टिक दुपटीहून जास्त, दहापट सील, आणि प्रत्येक ग्रॅम चिवड्यामागे वाफ शिरायला जागाही दुपटीहून जास्त. शिवाय लहान पुडी वेचायला कुणी वाकत नाही, कारण तिला वजनच नाही. ५ रुपयांच्या पुडीला बाजारात मागणी असते हे मला मान्य आहे. पण ती फक्त नमुन्यापुरती ठेवा, धंदा तिच्यावर उभा करू नका.

काचेची बरणी प्रतिष्ठेची वाटते. पण २०० ग्रॅम चिवडा मावेल अशी लिटरभराची बरणी सहज ४०० ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे मालाच्या दुप्पट वजनाची काच टेम्पोतून फिरते. चिवड्याला काच नको. आगळाला मात्र शोभते, आणि बाटली परत येणार असेल तर फारच छान. गोटी सोड्याच्या बाटल्या परत येतात कारण त्या जवळच फिरतात; हाच नियम तुम्हालाही लागू. पाच-दहा किलोमीटरच्या आतल्या गिऱ्हाईकांना अनामत ठेवून बाटली द्या, परत आली की गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, निर्जंतुक करून वापरा. लांबच्या शहरात पाठवलेली बाटली परत येत नाही.

पाकीट मोठं आणि माल थोडा, हेही नको. तळलेल्या पदार्थांना मार लागू नये म्हणून थोडी हवा लागते, पण पाकीट निम्मं रिकामं निघालं की गिऱ्हाईकाला फसल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पिशवी भरून टेबलावर दोनदा आपटा, माल बसू द्या, मग सील कुठे येतं ते बघून उंची ठरवा.

सहावी पायरी: रिकामं पाकीट घेऊन भंगारवाल्याकडे जा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. निवडलेलं पाकीट, बाटली, झाकण आणि लेबल तुमच्या गावातल्या भंगारवाल्यापुढे ठेवा आणि विचारा, "दादा, हे घेता का? काय भाव?" पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताया दारोदार कचरा गोळा करतात आणि विकला जाईल तो माल वेगळा काढतात, त्यांच्यापैकी कुणाला विचारलंत तर दोन मिनिटांत सगळं कळेल. पुनर्वापर "करता येण्याजोगं" असणं आणि आपल्या गावात खरोखर होणं यातलं अंतर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

साधारण उत्तर असं येईल: पेट बाटली हो. जाड पॉलिथिन आणि पीपी, स्वच्छ असेल तर हो. पुठ्ठा हो. काचेची बाटली कुठे घेतात, कुठे नाही. पेट-पॉलिथिनसारखं चकचकीत लॅमिनेट, कागद-प्लास्टिकचा पाउच, मेटलाइज्ड पुडी नाही. असा बहुथरी कचरा गोळा झालाच तर बहुतेक वेळा सिमेंट भट्टीत जळणासाठी जातो.

आगळाच्या बाटलीबाबत आणखी एक तपशील. पेट बाटलीवर पीव्हीसीचा आकसणारा वेष्टन-लेबल लावू नका. पेट आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे तुकडे धुताना ते वेगळे होत नाहीत आणि थोडं पीव्हीसीसुद्धा पेटचा अख्खा घाणा बिघडवतं. पीपीचं झाकण मात्र तरंगतं, ते आपोआप सुटतं. लेबल लहान ठेवा, पाण्यात सुटणारा गोंद वापरा, बाटली रंगीत न घेता पारदर्शक घ्या. रंगीत बाटलीला भाव कमी मिळतो.

कायद्याची बाजू थोडक्यात: केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वापरून झालेल्या प्लास्टिक पॅकेजिंगची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर टाकली आणि त्यासाठी नोंदणी करायला लावली, पण सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना त्या नोंदणीतून वगळलं आहे. तुमच्या पाउच पुरवठादाराची नोंदणी मात्र असायला हवी. बिलासोबत तो क्रमांक मागून ठेवा.

सातवी पायरी: लेबल

आधी कायद्याची जागा आखा, मग उरलेल्या जागेत सौंदर्य. उलटं केलं की शेवटी तारीख सीलच्या सुरकुतीत छापली जाते.

मालाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, घटक (जास्त वजनाचा आधी), पोषणमूल्यं, अ‍ॅलर्जीची सूचना, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ अंकी क्रमांक. एककाची किंमत किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅममागे लिहायची: २०० ग्रॅमला १२० रुपये असतील तर ग्रॅमला ०.६० रुपये. शेंगदाणे असतील तर अ‍ॅलर्जीच्या ओळीत लिहायलाच हवेत.

एक गोष्ट बऱ्याच गटांना कुणी सांगत नाही. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी जरूर छापा, ठळक छापा, पण फक्त मराठीवर भागत नाही.

आता विक्री. पाकीट तीन मीटरवरून बघा आणि स्वतःला विचारा: काय आहे ते कळतंय का? देवीचा फोटो, कमळ, तोरण, गटाचं लांबलचक नाव, तीन फॉन्ट, यांत "चिवडा" हा शब्दच हरवतो. सगळ्यात मोठी अक्षरं पदार्थाच्या नावाची ठेवा. त्याखाली एकच वेगळेपणाची ओळ, जी दुसरा कुणी लिहू शकणार नाही: पातळ पोह्यांचा, भाजका, किंवा, देवगडच्या घरगुती कोकमाचं आगळ. गिऱ्हाईकाला आतला माल बघायचा असतो; पारदर्शक पिशवी हीच तुमची जाहिरात आहे, तिला झाकू नका. चटणी अर्थातच अपवाद.

छपाईचा पैसा जपून. पूर्ण पाउचवर रोटोग्रॅव्हर छपाई करायची तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो आणि हजारो पाउच एकदम घ्यावे लागतात. मग पत्ता किंवा क्रमांक बदलला की सगळा साठा फुकट जातो, आणि तो फेकलेला साठाही कचराच. सुरुवातीला साधी पारदर्शक पिशवी आणि त्यावर लेबल. एकाच लेबलच्या साच्यात तारीख, वजन आणि चव बदलता येते. कमी शाई, कमी खर्च, आणि भंगारात स्वच्छ प्लास्टिक.

पर्यावरणाबद्दल काय लिहावं? जे खरं आणि दाखवता येईल तेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. नुसतं "ग्रीन" किंवा "निसर्गस्नेही" लिहून भागत नाही, पुरावा हवा. त्याऐवजी लिहा: "ही पिशवी पीपीची आहे. रिकामी करून, पुसून सुक्या कचऱ्यात द्या." गिऱ्हाईकाला काय करायचं ते कळतं, आणि कचरावेचक ताईच्या हातात स्वच्छ पिशवी येते.

आठवी पायरी: प्रवास

पाकीट कितीही चांगलं असलं तरी एसटीच्या पार्सलमध्ये वर तांदळाचं पोतं आलं की संपलं. बाहेरचा खोका पाच थरांच्या पुठ्ठ्याचा घ्या, आणि पावसाळ्यात रचाई कमी ठेवा. हवा फार दमट झाली की पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्मी होते.

चाचणी सोपी. भरलेला खोका साधारण ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे ओट्याच्या उंचीपेक्षा थोडं खालून, दहा वेळा टाका: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. मग उघडून चुरा वजन करा. आगळाच्या काचेच्या बाटल्यांना तर हे केल्याशिवाय पाठवूच नका.

खोक्यातली रिकामी जागा दोनदा पैसे खाते. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, मग आत ४ किलो चिवडा असला तरी. खोका पाकिटांच्या मापाचा बनवून घ्या. बबल रॅपची गरज आपोआप कमी होते. उरलेल्या फटीत जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चालतात.

कोकणातल्या हापूसच्या लाकडी पेट्यांत भाताचा पेंढा घालतात. जवळचं, फुकट आणि कुजणारं साहित्य. देशातल्या देशात आगळाच्या बाटल्यांना तो अजूनही उत्तम आहे. परदेशी पाठवताना मात्र नको, कारण किडीच्या भीतीने अनेक देश पेंढा अडवतात, आणि कच्च्या लाकडाच्या खोक्यावर प्रक्रियेचा शिक्का मागतात. फराळाच्या परदेशी पार्सलला पुठ्ठाच बरा.

नववी पायरी: पहिली ऑर्डर आणि नोंदवही

पहिल्यांदा दोन-तीन महिने पुरतील इतकीच पाकिटं घ्या. मोठ्या ऑर्डरवर सवलत मिळते, पण पहिल्या महिन्यात काहीतरी बदलतंच. एका पाकिटामागचा पूर्ण खर्च लिहा: पिशवी, लेबल, सीलिंगची वीज, खोक्याचा वाटा, कुरिअर आणि परत आलेला माल. हा शेवटचा आकडा सोडला की स्वस्त पिशवी स्वस्तच दिसते. तो धरला की बऱ्याचदा चार आणे महाग पिशवी स्वस्त पडते.

प्रत्येक बॅचची दोन पाकिटं बाजूला काढा आणि दुकानात असतात तशाच जागी ठेवा, कपाटात नाही. एक अर्ध्या मुदतीला उघडा, दुसरं शेवटच्या दिवशी. वजन, चव, वास आणि सील वहीत लिहा, तारखेसह. पुरवठादाराने फिल्म बदलली, जाडी बदलली, किंवा तुम्ही तेल बदललं, तर मिठाच्या डब्यातली चाचणी पहिल्यापासून पुन्हा लावा.